फोर-व्हीलचा दांडा

नेरुळ, ५ फेब्रुवारी १९९८

सैफ,

सलाम. तुझं ईदचं पत्र पोचलं. तीन पानं आहेत. ईद मुबारक वरच्या कोपऱ्यात, फॉर्मवर नंबर टाकतात तेवढ्या जागेत, आणि खाली तीनही पानं भरून तुमच्या शारजाच्या शोरूममध्ये आलेल्या नव्या गाडीचं कौतुक. तुझ्या अम्मीने विचारलं, पोराने काय लिहिलंय. मी तिला सांगितलं की गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ आहे, आणि वळणात गाडी घसरायला लागली की आतला कॉम्प्युटर एकेका चाकाला आपला आपण ब्रेक लावतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, लग्नाला येतोय का ते लिहिलंय का? मी पत्र उलटसुलट करून बघितलं. नाही लिहिलेलं.

फोनवर तू अम्मीशी बोलतोस, मुस्कानशी बोलतोस. मी रिसीव्हर घेतला की लाईन जाते. दर वेळी माझ्याच हातात कशी जाते कोण जाणे. पत्रातही मला गाडीशिवाय दुसरं अक्षर लिहीत नाहीस. ठीक आहे, गाडीचं तर गाडीचं.

चार चाकांना ओढ मिळाली म्हणजे वळणात गाडी डबल पकड धरते, हे तुला कोणी सांगितलं? शोरूममधल्या टायवाल्याने? अरे बाबा, ओढ गाडीला पुढे ढकलते. चिखलातून काढेल, वाळूतून काढेल, चढावर नेईल. वळवते ती रबराची पकड, आणि ती टायरएवढीच असते, मग इंजिन दोन चाकांना जोडा नाहीतर दहा. थांबवायलाही तेच रबर. बावीस वर्षं मी मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतोय. वळणाआधी ब्रेक, वळणात हात, वळण संपताना अ‍ॅक्सिलरेटर, हे तीन शब्द बोलून बोलून माझा घसा बसला. सध्या उज्वला म्हणून एक बाई शिकायला येते. साताऱ्याकडची, नवरा मार्केटमध्ये कांद्याचा व्यापारी. ती वळणाच्या बरोबर मध्ये ब्रेक दाबते आणि डोळे मिटते. तिच्यासाठी तुमचा कॉम्प्युटर चांगला आहे, डोळे मिटून बसा म्हणावं.

आता कामाचं. मुस्कानचा निकाह १९ एप्रिलला ठरला, रविवार. मुलगा उरणचा आहे, अरमान. शाळेत शिकवतो. तिच्या पायाचं त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं. तो म्हणाला, मला तिच्याशी लग्न करायचंय, शर्यत नाही लावायची. मला तिथेच पसंत पडला. तुला आठवण करून देत नाही, पण याआधी दोन स्थळं तिला उठून पाणी आणताना बघून परत गेली होती.

मुस्कानने एकच मागितलंय. नवरीला सासरी नेणारी रुखसतीची गाडी नेरुळहून उरणपर्यंत सैफभाईने चालवायची. तू तिला फोनवर म्हणालास की चार वर्षं झाली, मी स्टीअरिंगला हात लावत नाही, आणि त्या रस्त्यावर तर लावणारच नाही. गाड्यांच्या दुकानात नोकरी, स्पेअर पार्टच्या काउंटरवर दिवसभर उभा, आणि घरी जायला बस! तुला मी सतराव्या वर्षी गाडी शिकवली ती बसने फिरायला का? मे चौऱ्याण्णवला जे झालं ते झालं. मिठागराच्या वळणावर तू जीप उलटवलीस, मुस्कानचा पाय कायमचा अधू झाला, मी बोलायचं ते बोललो. बापाने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? म्हणून दोन महिन्यांत देश सोडून जायचं आणि बहिणीच्या लग्नालाही यायचं नाही?

तिकिटाची तारीख कळव. गाडीबद्दल आणखी पाठवायचं तर पाठव, पण आधी तारीख.

अब्बा


नेरुळ, २६ फेब्रुवारी १९९८

सैफ,

तुझं पत्र परवा आलं. तारीख नाही. चित्र आहे. वा.

चित्र मी नीट बघितलं. तू म्हणतोस, वळणात गाडीचं नाक बाहेर पळायला लागलं की कॉम्प्युटर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतो आणि नाक परत आत येतं. आणि शेपूट फिरायला लागलं तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. मी म्हटलं, थापा आहेत. मग तुर्भ्याला गेलो होतो क्लचप्लेट आणायला, तिथे एक हमाल भरलेली हातगाडी गल्लीत वळवत होता. त्याने काय केलं माहीत आहे? आतल्या बाजूच्या चाकाला चप्पल लावून दाबलं. गाडी पटकन तिकडे वळली. मी त्याला म्हटलं, पुन्हा कर. तो म्हणाला, चाचा, टाइम नाही. मी हातभार लावतो म्हटल्यावर त्याने आणखी एकदा करून दाखवलं.

म्हणजे तुझं चित्र बरोबर आहे. हे मी लिहून देतोय, दहा वेळा वाच. पण रस्त्यावर मिठाची धूळ असेल आणि टायर गुळगुळीत असेल तर तुमचा कॉम्प्युटर कशाला ब्रेक लावणार आणि कशाला धरणार? पकड कुठून आणणार तो, शारजाहून? वेग जास्त असेल तर अजूनच कठीण. एवढं त्या टायवाल्याला विचार.

कंपनीच्या कोर्समध्ये तुम्हाला कोरड्या डांबरी मैदानात जुनी जीप फोर-व्हीलमध्ये टाकून चालवायला दिली, आणि वळताना स्टीअरिंग दगडासारखं झालं, गाडी सरळ पळाली, हे तू दीड पान लिहिलंस. ते कोर्समध्ये शिकायला तुला शारजाला जावं लागलं का? वळणात पुढची चाकं लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट फोर-व्हील लावल्यावर एकमेकांना बांधला जातो, त्यामुळे दोघं भांडतात. चिखलात चाकं घसरून भांडण मिटवतात. डांबरावर मिटत नाही. नव्या गाडीत मध्ये डिफरन्शियल असतं, ते दोघांना सांभाळून घेतं. म्हणून गाडी डांबरावर आणायच्या आधी फोर-व्हीलचा दांडा काढायचा, हे मी तुला अठराव्या वर्षी सांगितलेलं आहे. सांगितलं होतं की नाही?

अम्मी दिवसातून चार वेळा विचारते. हॉलचं बुकिंग झालं, सोसायटीच्या गच्चीवर मांडव घालायला परवानगी मिळाली, सेक्रेटरीने तीन चकरा मारायला लावल्या. मुस्कान माझ्याशी भांडते की तुम्ही भाईजानला नीट लिहीत नाही. आणखी कसं लिहू? तारीख कळव.

अब्बा


नेरुळ, १७ मार्च १९९८

सैफ,

हे काय लावलंयस तू? एका ओळीचं पत्र. विमानाने यायला दहा दिवस लागलेलं पत्र, आणि आत एक ओळ. 'अब्बा, मागच्या पत्रात शेवटी जे विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीत: त्या दिवशी दांडा कुठे होता?'

उत्तर दिलं नाही कारण तो प्रश्न उत्तर देण्यासारखा नाही. चार वर्षांनी बापाची उलटतपासणी घेतोस? तू चालवत होतास. गाडी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. हे मी प्रत्येक शिकाऊला पहिल्या दिवशी सांगतो आणि तुलाही सांगितलं होतं. बसल्यावर आरसा बघायचा, गिअर बघायचा, सगळे दांडे बघायचे, मग चावी. तू बघितलं होतंस का? नव्हतं बघितलं, तर विषय संपला.

त्या जीपचं स्टीअरिंग मुळातच जड होतं. हॉस्पिटलमध्येही तू तेच सांगत होतास, स्टीअरिंग वळेचना, वळेचना. मी तुला तेव्हा जे म्हटलं ते सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं, हे मला मान्य आहे. स्टीअरिंग वळेना असं ड्रायव्हर म्हणत नाही, झोपलेला माणूस म्हणतो. ते लोकांसमोर बोलायला नको होतं. एवढंच.

मला फार कामं आहेत. आज त्या उज्वलाबाईंनी डोकं खाल्लं. नेरुळ स्टेशनकडून पामबीचच्या बाजूला एक अख्खा फेरा गाडी रडत चालली. कुठे जळका वास येतोय म्हणून बघतो तर हँडब्रेक अर्धा लावलेला. मी जे बोलायला लागलो ते पाच मिनिटं थांबलो नाही. अक्कल कुठे ठेवली, ब्रेकचे लायनर जळले, घरी पोळ्यापण अशाच जाळता का. बाईने हँडब्रेक खाली सोडला. माझं संपल्यावर म्हणाली, "मास्तर, हँडब्रेक तुमीच लावला हुता. गाडी तुमीच हुबी केलती. मी नवी हाय, मला वाटलं आसंच आसतं."

खरं होतं. सकाळी मीच उभी केली होती.

मी उतरलो आणि रसवंतीवर जाऊन उसाचा रस प्यालो. परत आलो तेव्हा ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून माझी वाट बघत होती. तिला सॉरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

हे तुला का लिहितोय मला माहीत नाही. तारीख कळव.

अब्बा


नेरुळ, २५ मार्च १९९८

सैफ,

काल फोनवर तू मुस्कानला सांगितलंस की तू येत नाहीस. मी बाजूलाच होतो. ती रडली नाही, हूं हूं करत राहिली आणि रिसीव्हर ठेवून स्वयंपाकघरात गेली. पाय ओढत गेली. दमली की जास्त ओढते.

मग बाहेर येऊन मला म्हणाली, भाईजान म्हणतो मी आलो तर लोक तुझा पाय बघतील आणि मग माझ्याकडे बघतील. सगळ्या लग्नात तेच चालेल. त्यापेक्षा मी नसलेला बरा.

मी तुला कालपासून दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. आज पत्रिका द्यायला सारसोळ्याच्या कोळीवाड्यात गेलो होतो, शेवंताबाईकडे. तिची होडी खाडीतून वर ओढायला दर वर्षी मेमध्ये आपली जीप लागायची, तीच. पत्रिका घेतली, हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमचा पोरगा येतो हाय ना? त्या दिसाला तो नुसता किल्ली घेऊन गेला. मी जेव बोलली, तर जेवला नाय." मला तिथे बसवेना. चहा तसाच ठेवून निघालो.

आज एवढंच लिहितो. दोन दिवसांत पुन्हा लिहीन.

अब्बा


नेरुळ, २९ मार्च १९९८

सैफ,

दांडा पुढे होता. फोर-व्हीलमध्ये होता. मी लावला होता आणि मीच काढला नव्हता.

एवढं वाचून पत्र फेकायचं असेल तर फेक, पण पुढचंही वाचलंस तर बरं होईल, कारण मुख्य गोष्ट पुढे आहे.

त्या दिवशी शेवंताबाईची होडी खाडीच्या चिखलातून वर ओढली. पावसाआधीची शेवटची होडी, मोठी. फोर-व्हील लावून तासभर झटापट केली. होडी वर आल्यावर मी दांडा काढायला गेलो तर निघेना. तो असा अडकला की गाडी दोन हात रिव्हर्स घ्यायची, शाफ्टचा पीळ सुटतो, मग निघतो. पण मागे होडी होती, दोर अजून बांधलेला होता. रिव्हर्स घ्यायला जागा नव्हती. आणि त्यांची रीत तुला माहीत आहे, होडी वर आली की ओढणाऱ्याने आधी जेवायचं, मग दुसऱ्या कामाला हात लावायचा. शेवंताबाई ताट वाढून उभी होती, जेवन थंड होतंय म्हणत होती. मी म्हटलं, जेवून दोर सोडू आणि मग काढू. दांडा विसरलो नव्हतो, जेवल्यानंतरचं काम म्हणून मनात ठेवला होता.

मी जेवत असताना दोर कोणी सोडला मला कळलं नाही. तू आलास, मुस्कानला घेऊन उरणला अम्मीच्या बहिणीकडे, खालाकडे जायचं म्हणालास. मी ताटावरूनच किल्ली फेकली. तोंडात घास होता. पापलेटचं कालवण होतं, ते अजून आठवतं. दांडा आठवला नाही.

तासाभराने एका टेम्पोवाल्याने सारसोळ्यात निरोप आणला, जीपवर स्कूलचं नाव होतं म्हणून. मी रिक्षाने वळणावर पोचलो. लोक म्हणाले, पोरांना ट्रकमधून हॉस्पिटलला नेलंय, पोरगा ठीक आहे, पोरीच्या पायाला लागलंय. त्याच रिक्षात बसून मी निघायला पाहिजे होतं. मी आधी जीपपाशी गेलो. ती डाव्या कुशीवर मिठागरात पडली होती. आत वाकून बघितलं तर दांडा पुढे. चाकं हवेत होती, पीळ सुटलेला होता. हात लावला तर एका बोटाने मागे आला. किनाऱ्यावर दोन हातांनी निघत नव्हता तो.

मग पंचनामा झाला. पोलिसाने विचारलं, गाडीत काही बिघाड? मी म्हटलं, नाही. पोरगा जोरात होता.

आता मुख्य गोष्ट. दांडा मागे घेऊन मी रस्त्यावर आलो आणि तुझ्या टायरचे पट्टे बघितले. बावीस वर्षांचा मास्तर आहे, पट्टे मला वाचता येतात. ब्रेकचे पट्टे वळणाच्या चांगले पंचवीस पावलं आधी सुरू झाले होते आणि वळण सुरू व्हायच्या आधी संपले होते. वळणात ब्रेकची एकही खूण नव्हती. पुढे होते ते पुढच्या चाकांचे घासलेले पट्टे, तिरके, सरळ मिठागराकडे गेलेले. म्हणजे तू वेळेवर वेग कमी केलास, वेळेवर हात वळवलेस, आणि शेवटपर्यंत वळवून धरलेस. गाडी वळली नाही कारण तिची पुढची नि मागची चाकं मी बांधून ठेवली होती. मी शिकवलं तसंच तू ते वळण घेतलं होतंस, सैफ. माझ्या अख्ख्या स्कूलमध्ये इतकं नीट वळण दुसऱ्या कोणी घेतलेलं मी बघितलेलं नाही. आणि ते बघून मी हॉस्पिटलमध्ये आलो आणि तुला झोपलेला म्हणालो.

का म्हणालो? स्कूल बंद पडलं असतं, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला दिलं. खोटं आहे. मुस्कानच्या पायाकडे बघून मला जे वाटत होतं ते मला झेपत नव्हतं, म्हणून तुझ्या अंगावर टाकलं. तू गेलास तेव्हा मला राग आला की हा असा कसा गेला, आणि आतून बरंही वाटलं, की आता रोज तुझं तोंड बघायला नको. बाप असून असं वाटलं. तुझ्या कॉम्प्युटरवर चिडत होतो तेही त्यामुळेच. तू जितकं नीट समजून लिहीत होतास तितका त्या दांड्याजवळ येत होतास.

काल दुपारी जेवण झाल्यावर मुस्कान आणि अम्मीला समोर बसवून सगळं सांगितलं. अम्मी उठून आत गेली आणि अजून माझ्याशी बोललेली नाही. मुस्कानने समोरची ताटं गोळा केली. मग म्हणाली, "माझ्या पायाचं मी बघून घेईन, अब्बा. भाईजानची चार वर्षं तुम्ही कशी परत देणार?" अरमानच्या घरी आज संध्याकाळी जाऊन त्यांनाही सांगणार आहे. लग्नात लोक कोणाकडे बघायचं ते बघतील, पण तुझ्याकडे बघणार नाहीत, एवढी माझी जबाबदारी. सोसायटीत, सारसोळ्यात, ज्या ज्या माणसासमोर मी तुझं नाव घेतलं होतं त्याला जाऊन सांगणार. सकाळी उज्वलाबाईंपासून सुरुवात केली, हँडब्रेकबद्दल. ती म्हणाली, मास्तर तुमची तब्येत बरी हाय ना?

तुला ये असं म्हणायचा मला हक्क नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. पण मुस्कान अजून तेच म्हणते, रुखसतीची गाडी भाईजानच चालवेल. अरमानच्या चुलत्याची गाडी आहे, साधी, मागच्या चाकांवर चालणारी. कॉम्प्युटर नाही, फोर-व्हील नाही. वळण तेच आहे, आता तिथे नगरपालिकेने पांढरे दगड लावलेत. वळणाआधी ब्रेक, वळणात हात. तुला येतं. तुला त्या दिवशीही येत होतं.

हे पत्र मी पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं. मुस्कानने उचललं. म्हणाली, तुम्ही नाही टाकणार, रस्त्यात फाडाल, मीच पेटीत टाकते. मी म्हटलं, ऊन आहे, पाय दुखेल, मी सोडतो गाडीने. ती म्हणाली, तुमच्या गाडीत नाही बसणार, मी चालत जाते. एवढं लिहायला तिच्याकडून पाकीट परत मागून घेतलंय. ती दारात चप्पल घालून उभी आहे.

अब्बा